व्यायलेल्या संकरित गाईचा न उतरणारा ताप : आधी रक्ताची काच, मग सुई

प्रश्न : आम्ही इंदूरच्या लोकमान्यनगरात राहतो, देपालपूर रस्त्याला आमचा लहानसा गोठा आहे. दुसऱ्या वेताची होल्स्टीन संकरित गाय नऊ दिवसांपूर्वी व्याली. चार दिवसांपासून तिला १०५ ते १०६ अंश ताप आहे, दूध १६ लिटरवरून ४ लिटरवर आले आहे, खांद्यापुढे लिंबाएवढी गाठ हाताला लागते आणि थोडा खोकलाही आहे. गावात सुया देणाऱ्याने प्रतिजैविक, तापाची सुई, कॅल्शियमच्या दोन बाटल्या आणि लाल लघवीच्या रोगावरची सुई असे सगळे देऊन पाहिले. ताप दोन-चार तास उतरतो आणि पुन्हा चढतो. आता रक्ततपासणीत वेळ घालवावा का? घरच्या लॅब्राडॉरलाही मागच्या महिन्यात गोचीड ताप झाला होता. गाईला तो त्याच्याकडून आला असेल का? आणि हे दूध मुलांना द्यावे का?

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांवरून पहिला संशय थायलेरिओसिसचा, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिया या रक्तातील परजीवीच्या रोगाचा येतो. तपासणी करावी की उपचार, असा पेच येथे मुळात नाही. कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त काढून काचपट्टीवर पसरवायला दोन मिनिटे लागतात, आणि ती काच वाळत असतानाच पदवीधर पशुवैद्य औषध देऊ शकतो. तपासणीचा निकाल उद्या आला तरी चालेल, पण नमुना मात्र औषधाच्या आधीचा असला पाहिजे. आपल्या गाईचे चार दिवस तपासणीमुळे नव्हे, तर रोगाचे नाव ठरवल्याविना औषधे बदलत राहिल्यामुळे गेले आहेत.

संशय याच रोगाचा का, ते सांगतो. थायलेरिया ॲन्युलाटा हा परजीवी हायलोमा जातीच्या गोचिडाच्या लाळेतून गाईच्या अंगात शिरतो आणि प्रथम पांढऱ्या पेशींत, त्यातही लसिका पेशींत, मुक्काम करतो. ती पेशी दुभंगली की परजीवीही तिच्याबरोबर दुभंगतो, त्यामुळे रोग्याच्या स्वतःच्याच पेशी बेसुमार वाढू लागतात आणि जवळची लसिका ग्रंथी सुजते. खांद्यापुढे आपल्या हाताला लागलेली गाठ बहुधा हीच आहे. अशीच गाठ मागच्या बाजूला, गुडघ्याच्या वर कुशीच्या घडीतही चाचपून पाहावी. त्यानंतर परजीवी तांबड्या पेशींत उतरतो, त्या पेशी फुटतात, डोळ्याच्या पापणीची आतली कातडी फिकट आणि मग पिवळसर होते, आणि फुप्फुसांत पाणी साठू लागले की खोकला व धाप सुरू होते. म्हणजे खोकला हे येथे सर्दीचे नव्हे, तर रोग पुढे सरकल्याचे लक्षण असू शकते.

आपल्या माळव्याच्या मूळच्या माळवी गाई, तसेच निमाडी आणि गीर, या रोगाला बऱ्याच अंशी तोंड देऊ शकतात. होल्स्टीन आणि जर्सी रक्ताच्या संकरित गाई मात्र त्याच्यापुढे टिकत नाहीत. शिवाय आधी कधीतरी होऊन गेलेला संसर्ग अंगात दबून राहतो आणि व्याल्यानंतरच्या ताणाने उसळतो. दुसऱ्या वेताची, नुकती व्यायलेली, दुधाळ संकरित गाय आणि उन्हाळा-पावसाळ्याचे दिवस एवढे कानावर आले तरी अनुभवी पशुवैद्याचा हात आधी खांद्यापुढच्या गाठीकडे जातो.

दिलेल्या औषधांचा उपयोग का झाला नाही, हेही यावरून कळते. साधी प्रतिजैविके या परजीवीला मारत नाहीत. लाल लघवीवरची सुई म्हणजे बहुधा डायमिनाझीन. ती लाल लघवीचा रोग करणाऱ्या बबेसिया या परजीवीवर चांगली चालते, पण थायलेरियावर तिचा भरवसा धरता येत नाही. बबेसियात लघवी कॉफीच्या रंगाची होते, आणि तसे काही झाल्याचे आपण लिहिलेले नाही. तिसरा भाऊबंद ॲनाप्लाझ्मा हा रक्तातला जंतू : त्यात लघवी लाल होत नाही, पण गाय झपाट्याने फिकी व पिवळी पडते, शेण घट्ट होते, आणि तेथे ऑक्सिटेट्रासायक्लिन लागू पडते. तिन्हींना गोठ्यात ‘गोचीड ताप’ हेच नाव, आणि तिन्हींची औषधे वेगळी. म्हणून काच हवी.

तरीही रक्ताकडे वळण्याआधी पशुवैद्याने गाईची पुरती तपासणी करावी, असा आपण आग्रह धरावा. नऊ दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला ताप असेल तर गर्भाशय आणि कास तपासल्याखेरीज दुसऱ्या रोगाचे नाव घेऊ नये. वार पूर्ण पडली होती का, मागून घाण वासाचा तांबूस-तपकिरी स्राव येतो का, चारही सडांच्या पहिल्या धारा काळ्या कापडावर किंवा गाळणीवर घेतल्या तर त्यांत गुठळ्या दिसतात का, कासेचा एखादा भाग गरम किंवा दगडासारखा झाला आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. अंगावर कातडीखाली टणक गाठी उठल्या असतील तर लम्पी त्वचारोगाचा विचार करावा लागतो, कारण २०२२ च्या साथीत आपण पाहिलेच की त्यातही ताप येतो आणि लसिका ग्रंथी सुजतात. गळ्याखाली अचानक सूज, घरघर आणि जनावर तासागणिक ढासळणे असा प्रकार असेल तर तो घटसर्प समजावा. पण घटसर्पाचे जनावर चार दिवस वाट पाहत नाही.

आता काचेविषयी थोडे विस्ताराने, कारण या कामात हयगय फार होते. ताप चढलेला असतानाच रक्त घ्यावे. कानाच्या टोकाचे केस कापून जागा स्पिरिटने पुसावी, ती पूर्ण वाळू द्यावी, सुईने टोचून आलेला पहिला थेंब पुसून टाकावा आणि दुसरा काचेवर घ्यावा. थर इतका पातळ हवा की काचेखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे वाचता यावीत. काच हवेत हलवून वाळवावी, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये आणि माशा बसू देऊ नयेत. नंतर मिथेनॉलमध्ये बुडवून घेतली की ती प्रयोगशाळेपर्यंत सुखरूप जाते. सोबत ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या, नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त दिल्यास हिमोग्लोबिन आणि पेशींची मोजदादही होते. गाठ सुजली असेल तर तिच्यातूनही सुईने नमुना घ्यावा, आणि माझ्या मते सुरुवातीच्या दिवसांत तोच अधिक मोलाचा असतो. कारण तेव्हा परजीवी अजून पांढऱ्या पेशींतच असतो, तांबड्या पेशींत क्वचितच सापडतो, आणि नुसती रक्ताची काच पाहून ‘निगेटिव्ह’ असा शेरा मिळतो. गीम्सा या रंगाने रंगवलेल्या ग्रंथीच्या नमुन्यात पेशींच्या आत दिसणारे निळसर-जांभळे पुंजके, ज्यांना कॉखचे निळे पिंड म्हणतात, सापडले की शंका उरत नाही. उलट, धडधाकट गाईच्या रक्तात दोन-चार तांबड्या पेशींत परजीवी दिसला म्हणून ती थायलेरियाने आजारी आहे असे होत नाही. ती केवळ वाहक असू शकते. अहवालाचा अर्थ गाईजवळ उभे राहून लावावा लागतो, नुसता मोबाइलवर कागद पाहून तो लावता येत नाही.

इंदूरकरांना या बाबतीत तक्रारीला फारशी जागा नाही. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आपल्या शेजारी उभे आहे, सरकारी पशु रुग्णालये आहेत, आणि १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरते पशुवैद्यकीय वाहन गोठ्यापर्यंत येते. दूरध्वनी करताना ‘गाय खात नाही’ एवढेच न सांगता ताप किती, कधीपासून, गाय किती दिवसांची व्यायलेली आणि आतापर्यंत कोणत्या सुया दिल्या, हे सांगावे. रिकाम्या बाटल्या फेकू नयेत, डॉक्टरांना दाखवाव्यात.

थायलेरियावरचे मुख्य औषध ब्युपार्वाक्वोन. त्याची मात्रा दर किलो वजनामागे २.५ मिलिग्रॅम असून ते मानेच्या स्नायूत खोलवर देतात. ४८ ते ७२ तासांत ताप हटला नाही तर एकदा पुन्हा देता येते. या औषधाला अपयश येते त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात : ते उशिरा दिलेले असते किंवा कमी दिलेले असते. महाग असल्याने अर्ध्या मात्रेवर भागवण्याचा मोह होतो, आणि गाईचे वजन डोळ्यांनी अजमावताना आपण सर्वच जण कमी धरतो. त्याऐवजी साधा फीत-टेप वापरावा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत घ्यावीत. घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे वजन किलोत मिळते. घेर ७२ आणि लांबी ५८ इंच असेल तर उत्तर ४५५ किलोच्या आसपास येते. प्रति मिलिलिटर ५० मिलिग्रॅमच्या औषधाचे या गाईला सुमारे २३ मिलिलिटर लागतील, आणि तेही एकाच जागी नव्हे, तर विभागून. पशुवैद्य येण्यापूर्वी आपण ही मापे घेऊन ठेवली तर त्यांचे काम सोपे होईल. सोबत दुसऱ्या जंतूंचा संसर्ग किंवा ॲनाप्लाझ्माची शक्यता धरून ऑक्सिटेट्रासायक्लिन देण्याची पद्धत आहे, पण ते ब्युपार्वाक्वोनच्या जागी नव्हे.

तापासाठी मेलोक्सिकॅम पुरेसे आहे. डायक्लोफिनॅक मात्र कोणी देऊ लागले तर थांबवावे. ते दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, म्हणून जनावरांसाठी त्याच्यावर २००६ साली बंदी आली, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्यावरही. आपल्या राज्यात गांधीसागरच्या कड्यांवर अजून गिधाडे आहेत, हे विसरून चालणार नाही. स्टेरॉइडच्या सुईने गाय एक दिवस टवटवीत दिसते, वैरणीला तोंडही लावते, आणि घरचे खूश होतात. पण ज्या प्रतिकारशक्तीच्या बळावर तिला या परजीवीशी झुंजायचे आहे तीच त्या सुईने खचते. तापाची कोणतीही सुई तापमापकावरचा आकडा खाली आणते, एवढेच. ती दिल्यावर चार तासांनी घेतलेल्या तापावरून रोग हटला की नाही हे ठरवता येत नाही. सकाळी आणि संध्याकाळी, सुईच्या आधी, गुदद्वारात तापमापक दोन मिनिटे धरून आलेला आकडा वहीत लिहावा. गाईचा नेहमीचा ताप १०१.५ अंशांच्या आगेमागे असतो. १०३ च्या वर तो सलग दोन वेळा आला तर दखल घ्यावी.

कॅल्शियमविषयी थोडे परखड लिहितो. नुकती व्यायलेली गाय सुस्तावली की कॅल्शियमची बाटली लावायची, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. कॅल्शियमची कमतरता प्रामुख्याने व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत दिसते. त्या गाईचे कान आणि पाय थंड लागतात, अंगाचा ताप उतरलेला असतो, मान कुशीकडे वळवून ती बसून राहते. १०६ अंश ताप असलेल्या, नवव्या दिवशीच्या उभ्या गाईचे हे चित्र नाही. ज्वराने आधीच थकलेल्या हृदयावर शिरेतून वेगाने कॅल्शियम सोडले तर गाय उभ्याउभ्या कोसळू शकते, आणि मग दोष रोगाला दिला जातो. आपल्या गाईने दोन बाटल्या सोसल्या, हे तिचे नशीब. तीच गोष्ट सलाइनची. फुप्फुसांत पाणी साठण्याचा धोका असलेल्या या रोगात दिवसाला चार-पाच बाटल्या चढवणे म्हणजे उपचार नव्हे. किती द्यायचे ते श्वास मोजून ठरवावे लागते.

ब्युपार्वाक्वोननंतर ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण गाठ बसायला आठवडा किंवा अधिक लागतो आणि रक्त कमी होणे काही दिवस चालूच राहू शकते. याच टप्प्यावर पुष्कळ लोक उपचार सोडतात. पाचव्या ते सातव्या दिवशी हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. ते चार-पाच ग्रॅमच्या खाली गेले असेल, गाय धापा टाकत असेल आणि पापणीची आतली बाजू कागदासारखी पांढरी असेल, तर लोहाच्या सुया आणि यकृताची टॉनिके यांनी काही साधत नाही. तिला दुसऱ्या निरोगी जनावराचे रक्त द्यावे लागते. गोठेवाल्यांना ही गोष्ट अवघड वाटते, पण गाईंमध्ये पहिल्या वेळी रक्त देताना गट जुळवण्याची अडचण क्वचितच येते. धट्टीकट्टी, गाभण नसलेली, गोचीड तापासाठी तपासलेली मोठी गाय चार लिटर रक्त सहज देऊ शकते. रक्त गोठू नये म्हणून सोडियम सायट्रेट घातलेल्या निर्जंतुक पिशवीत ते घेतात आणि पहिली पंधरा मिनिटे अगदी सावकाश सोडून रोग्यावर लक्ष ठेवतात. हे काम मात्र पशुवैद्याचेच. आठवडाभराने पुन्हा तसेच रक्त देणे धोक्याचे असते, हेही ध्यानात असू द्यावे.

या सर्व गडबडीत एक रोग नजरेतून निसटतो. दुधाळ गाय तीन-चार दिवस खात नाही तेव्हा ती अंगातली चरबी जाळते आणि किटोसिस होतो. श्वासाला गोडसर वास येतो, आंबोण सोडून ती नुसते भुसकट चघळते. थायलेरियाचा ताप उतरूनही दूध परत येत नाही तेव्हा लघवीची किटोनसाठी तपासणी करून घ्यावी. शक्तीसाठी म्हणून गूळ घातलेली गव्हाची लापशी किंवा जास्तीची पेंड पाजू नये. बंद पडलेल्या पोटात ती आंबते आणि नवे दुखणे उभे राहते. थोडी हिरवी वैरण वारंवार पुढे करणे आणि सावलीत भरपूर पाणी ठेवणे बरे.

मुलांच्या दुधाविषयी : थायलेरिया ॲन्युलाटा माणसाला होत नाही. तरीही हे दूध घरात वापरू नये आणि डेअरीलाही घालू नये, कारण त्यात औषधांचे अंश उतरतात आणि उकळल्याने ते नाहीसे होतात असे समजू नये. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस टाळावे ते छापलेले असते. अनेक औषधे दिली असतील तर सर्वांत लांबची मुदत धरावी. प्रतिजैविकाच्या दुधाला दही नीट लागत नाही, हे आपल्या घरच्या बायकांना पशुवैद्यांच्या आधीपासून ठाऊक आहे.

लॅब्राडॉरवर मात्र आळ घेऊ नये. कुत्र्याचा गोचीड ताप बहुधा एर्लिकिया कॅनिस या जंतूचा असतो आणि तो पसरवणारा तपकिरी गोचीड मुख्यतः कुत्र्यावरच जगतो. गाईच्या थायलेरियाशी त्याचा संबंध नाही. प्लेटलेट वाढल्या म्हणून आठवड्यातच डॉक्सिसायक्लिन बंद केले असेल तर तो पुन्हा आजारी पडण्याचा संभव आहे, कारण हा उपचार सामान्यतः २८ दिवसांचा असतो. गोळी अन्नाबरोबर द्यावी. माणसांच्या आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलच्या गोळ्या त्याला मनाने देऊ नयेत. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉलचा तुकडाही तिचा जीव घेऊ शकतो. हा गोचीड भिंतीच्या भेगांत आणि पडद्यांच्या चुणीत अंडी घालतो, त्यामुळे कुत्र्याबरोबर घराचेही उपचार करावे लागतात.

गोठ्यातही तेच. हायलोमा गोचीड पिल्लावस्थेत आजारी किंवा वाहक गाईकडून परजीवी घेतो, गळून पडतो, भिंतीच्या फटीत कात टाकतो आणि प्रौढ होऊन दुसऱ्या गाईवर चढतो. म्हणून नुसत्या गाईच्या अंगावर डेल्टामेथ्रिन हे गोचीडनाशक फवारून भागत नाही. फटी सिमेंटने बुजवाव्यात, भिंतींना चुना द्यावा, गव्हाणीखालचा कचरा जाळावा आणि जनावरे बाहेर काढून भिंतींवर ज्योत फिरवावी. चिकटलेल्या गोचिडातला परजीवी संसर्गाला तयार होण्यास साधारण दोन-तीन दिवस लागतात. तेव्हा एक दिवसाआड कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, कासेभोवती आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून गोचीड चिमट्याने काढले तरी पुष्कळ फायदा होतो. ते नखाने चिरडू नयेत. हायलोमा गोचीड माणसात क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापही पसरवतात, आणि भारतात त्याचे पहिले रुग्ण २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेतच सापडले होते. हातमोजे घालावेत आणि काढलेले गोचीड रॉकेलमध्ये टाकावेत.

गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांचा ताप तीन आठवडे रोज पाहावा, नव्या वासराचाही. संकरित वासरांसाठी थायलेरियाची लस भारतात तयार झालेली आहे. ती गाभण गाईला देत नाहीत, आणि थंड साखळी मोडली की निरुपयोगी ठरते, त्यामुळे ती पशुवैद्यामार्फतच मागवावी. पुढे बाजारातून संकरित गाय आणाल तेव्हा तिला वेगळी बांधून गोचीडमुक्त करावे आणि दावणीला आणण्याआधी तिच्या रक्ताची काच पाहून घ्यावी.